लूप आला म्हणून लगेच पेढे वाटू नका

परवा रात्री साडेनऊला माझ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, लूप आला!" पाठोपाठ मोबाइलवर फोटो. झिंक ऑक्साइडची फिल्म, त्यात थोडं कोबाल्ट, खोलीच्या तापमानाला घेतलेलं मोजमाप, आणि मधोमध सुबक हिस्टेरेसिस लूप, म्हणजे क्षेत्र वाढवत-उतरवत नेलं की चुंबकनाचा आलेख काढतो तो बंद फास, पदार्थ चुंबक असल्याची खूण. मी एवढंच विचारलं, "नमुना कुठल्या चिमट्यानं उचललास?"

पलीकडं जरा शांतता. मग म्हणाली, "मोजायला गेले होते तिथल्याच लॅबमधल्या की."

तिथला म्हणजे स्टीलचा. आणि स्टीलचा कण चिकटला तरी असाच लूप येतो.

चुंबकीय इलेक्ट्रॉनिक्समध्ये, म्हणजे सगळे ज्याला स्पिंट्रॉनिक्स म्हणतात त्यात, मला पंचवीस वर्षं होत आली. मटेरियल्स सायन्स शिकवते. आमच्या लॅबमध्ये कोट्यवधींची यंत्रं नाहीत. एक जुनं स्पटरिंग युनिट (धातूचे अणू उडवून काचेवर पातळ थर चढवणारं यंत्र) आहे, एक साडेसहा अंकी मल्टिमीटर आहे आणि इचलकरंजीच्या रिवाइंडिंगच्या दुकानात गुंडाळून घेतलेली दोन कॉइल आहेत. नव्या विद्यार्थ्यासाठी माझा एकच नियम: स्वतःच्या नव्या, अनोळखी पदार्थाला हात लावण्याआधी परमॅलॉय या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूच्या पट्टीचा चुंबकरोध, म्हणजे चुंबकीय क्षेत्रानं विद्युतरोध किती बदलतो ते, मोजून दाखवायचा. त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच तो मोजायचा. उत्तर चुकलं तर दोष आपल्या टेबलाचा, आणि टेबल कुठं कुठं खोटं बोलतं ते त्याच वेळी कळतं. माझे वडील यंत्रमागावर होते. कापडात दोष दिसला की ते आधी माग तपासायचे, सूत नंतर. मी तेच करायला सांगते.

तर हे टेबल कसं मांडायचं आणि त्यावर काय मोजायचं, ते सांगते. छोट्या कॉलेजातही जमेल असंच आहे.

आधी थोडं कारण

लोहचुंबकीय धातूत वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉन किती अडखळतात हे चुंबकनाच्या, म्हणजे धातूच्या आतल्या चुंबकत्वाच्या, दिशेवर अवलंबून असतं. प्रवाह आणि चुंबकन एकाच रेषेत असतील तर परमॅलॉयचा रोध जास्त, काटकोनात असतील तर कमी. लोखंड आणि निकेलमध्ये हे विल्यम थॉमसननं, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिननं, १८५७ साली दाखवलं. पुढं शंभराहून जास्त वर्षं हा एक-दोन टक्क्यांचा फरक पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यात पडून होता. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फर्ट आणि जर्मनीत युलिशला पेटर ग्रुनबर्ग यांनी लोखंड आणि क्रोमियमचे काही अणूंइतके पातळ थर एकावर एक रचले. फर्टच्या नमुन्यात ४.२ केल्व्हिनला (उणे २६९ अंश सेल्सिअसला) चुंबकीय क्षेत्र लावल्यावर रोध जवळपास निम्म्यावर आला. ग्रुनबर्गच्या साध्या तीन थरांत खोलीच्या तापमानाला बदल जेमतेम दीड टक्का. पण पेटंट घ्यायचं सुचलं ते ग्रुनबर्गला. १९९७ मध्ये आयबीएमनं त्यावर बेतलेलं वाचन-हेड हार्ड डिस्कमध्ये घालून विकायला काढलं आणि २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून गेलं.

दीड टक्का हा आकडा लक्षात ठेवा. आपल्या टेबलावरचा परिणाम केल्व्हिनचा, ग्रुनबर्गचा नव्हे. पण आकडा साधारण तेवढाच येणार आहे. सगळी कसरत शंभरातला हा दीड पकडायची.

पट्टी

परमॅलॉय म्हणजे ऐंशी टक्के निकेल आणि वीस टक्के लोखंड. तेच का? कारण ते अगदी थोड्या क्षेत्रात वळतं. पाच-दहा ओर्स्टेडमध्ये (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) काम होतं, मोठा इलेक्ट्रोमॅग्नेट लागत नाही. काचेच्या स्लाइडवर १ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर लांब पट्टी, जाडी ३० नॅनोमीटर. वर टँटलमचा ३ ते ५ नॅनोमीटरचा थर घाला, नाहीतर हवेत ऑक्साइड चढतं. पट्टीचा आकार पाडायला कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या पिवळसर चिकटपट्टीचा) मास्क पुरतो. काच आधी साबणाच्या पाण्यानं, मग ॲसिटोननं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा. बोटांचे ठसे राहिले की फिल्म तिथून पापुद्र्यासारखी सुटते.

स्पटरिंग नसेल तर जुनं व्हॅक्यूम कोटिंग युनिट बहुतेक फिजिक्स विभागांत कुठंतरी कापडाखाली असतं. त्यावरही होईल, पण दोन गोष्टी आहेत. वितळलेलं निकेल टंगस्टनच्या बोटीशी मिसळतं आणि बोट मध्येच तुटते; ॲल्युमिनाचा लेप असलेली बोट वापरा. शिवाय निकेल आणि लोखंड एकाच वेगानं उडत नाहीत, त्यामुळं फिल्ममधलं प्रमाण तुकड्याइतकंच राहील याची खात्री नसते. ऐंशी-वीसच्या जवळपास आलं तरी आपलं भागतं.

स्पटरिंगवाल्यांनी एक नोंद ठेवायची: गनच्या (जिथून धातू उडतो त्या भागाच्या) चुंबकाच्या संदर्भात स्लाइड कुठल्या दिशेनं ठेवली होती. गनचं इकडंतिकडं पसरलेलं क्षेत्र फिल्म वाढताना तिला एक आवडती दिशा देऊन जातं. ही नोंद नसली तर पुढं आलेखाकडं बघत डोकं खाजवावं लागतं.

कॉइल

हेल्महोल्ट्झ कॉइल म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन सारख्या कॉइल, मधे एकसारखं क्षेत्र देणाऱ्या. त्यांचं सूत्र बारावीनंतर सगळे विसरतात, म्हणून आकडेच देते. प्रत्येकी ३०० फेरे, सरासरी त्रिज्या १० सेंटिमीटर, दोन कॉइलमधलं अंतरही १० सेंटिमीटर. १ अँपिअरला मध्यभागी साधारण २७ ओर्स्टेड मिळतात, दीड अँपिअरला ४०. तार २२ गेजची, एनॅमलची. दोन्ही मिळून पावणेचारशे मीटरच्या आसपास, म्हणजे दीड किलोच्या आत तांबं. दोन्ही सिरीजमध्ये जोडल्यावर रोध १६ ओहमच्या जवळ जातो. दीड अँपिअरला २५ व्होल्ट लागतात, म्हणजे लॅबमधला नेहमीचा ३० व्होल्ट, २ अँपिअरचा सप्लाय पुरतो.

माझी कॉइल गुंडाळणारे मामा आयुष्यभर पंपाच्या मोटारी भरत आले. चौकट लाकडी हवी, खिळा एकही नको, स्क्रू पितळेचे, असं सांगितल्यावर त्यांनी मला दोनदा बघितलं. "ताई, पंखा न्हाई, मोटार न्हाई, मग ह्येचं करणार काय?" मी म्हटलं, एक नखाएवढी पट्टी मोजणार. पैसे घेतले, पण फेरे मोजून ३०० च्या जागी ३०२ दिले. "दोन वरकड," म्हणाले. ते दोन फेरे आजही गणितात धरते.

जोडताना दोन्ही कॉइलमध्ये प्रवाह एकाच दिशेनं फिरतोय ना, ते होकायंत्रानं बघा. उलट जोडलं तर मध्यभागी क्षेत्र शून्य येतं आणि माणूस दिवसभर सप्लायला शिव्या घालतो. क्षेत्र मोजायला गॉसमीटर असेल तर उत्तम. नसेल तर मोबाइलमधलं मॅग्नेटोमीटर ॲप घ्या. मात्र त्याला फक्त ०.२ अँपिअर द्या, तेवढ्यात ५४० मायक्रोटेस्ला, म्हणजे ५.४ ओर्स्टेड, दिसले पाहिजेत. जास्त दिलं तर फोनचा सेन्सर तोंड मिटतो.

कॉइलचा अक्ष पूर्व-पश्चिम ठेवा. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडं आडव्या दिशेत ०.४ ओर्स्टेडच्या आसपास आहे आणि ते उत्तर-दक्षिण आहे. अक्ष आडवा ठेवला की आलेख त्यानं सरकत नाही. आता टेबल. लोखंडी टेबल नको, लोखंडी स्टूल नको, जवळ स्पीकर नको. हे अती वाटत असेल तर अलिबाग आठवा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप १९०४ साली अलिबागला हलवलं, आणि तिथली इमारत चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरच्या दगडात बांधली. ते लोक पृथ्वीच्या क्षेत्रातले बारीक चढउतार मोजत होते, आपलं काम त्यामानानं ढोबळ आहे. तरी स्टूल बाजूला ठेवा.

जोडणी

चार तारा. बाहेरच्या दोनमधून प्रवाह, आतल्या दोनवर व्होल्टेज, आतल्या दोघांत १० मिलिमीटर अंतर. सिल्व्हर पेंटचे टिपके आणि पातळ तांब्याची तार. पेंट वाळायला रात्रभर द्या. घाईनं हेअर ड्रायर मारणारे दुसऱ्या दिवशी कॉन्टॅक्ट सुटला म्हणून येतात.

३० नॅनोमीटरच्या परमॅलॉयचा चौकोनामागं (पट्टीच्या रुंदीइतक्याच लांबीच्या तुकड्यामागं) रोध साधारण १० ओहम येतो. आपल्या पट्टीत असे दहा चौकोन, म्हणजे १०० ओहमच्या आसपास. १ मिलिअँपिअर प्रवाहाला १०० मिलिव्होल्ट. त्यातला दीड टक्का म्हणजे दीड मिलिव्होल्ट. साडेतीन अंकी हातातला मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजला ०.१ मिलिव्होल्टपर्यंतच दाखवतो, म्हणजे तुमच्या सगळ्या आलेखाला पंधरा पायऱ्या. कॉलेजात चांगला मीटर नसेल तर व्हीटस्टन ब्रिज बांधा, शून्यावर आणा आणि फरक इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायरमधून शंभरपट करून वाचा. केल्व्हिनच्या काळात साडेसहा अंकी मीटर नव्हताच.

प्रत्येक बिंदूला प्रवाह एकदा सुलट, एकदा उलट द्या आणि दोन वाचनांची वजाबाकी करून निम्मं करा. तांबं, चांदी आणि परमॅलॉय यांच्या सांध्यांवर तापमानाच्या फरकानं काही मायक्रोव्होल्ट आपोआप तयार होतात, ते यात निघून जातात.

आता खरी गंमत: उष्णता

इथं मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या दहातल्या सात विद्यार्थ्यांनी इथंच मार खाल्लाय.

धातूच्या अशा फिल्मचा रोध तापमानाबरोबर अंशामागं पाव टक्का सहज वाढतो. म्हणजे खोली एका अंशानं तापली तर पाव मिलिव्होल्ट. आपला सगळा सिग्नल दीड. एसी चालू-बंद होतो, कुणी दार उघडतं, दुपारी पत्रा तापतो आणि आलेख लाटांसारखा हलतो. हे निदान दिसतं तरी, थर्माकोलची पेटी उपडी घातली की बरंच आवरतं.

न दिसणारा दोष कॉइलचा. कॉइलमध्ये तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह अधिक असो की उणे, कॉइल तापतेच. दीड अँपिअरला ३७ वॉट, म्हणजे एक सोल्डरिंग आयर्नच. ही उष्णता पट्टीपर्यंत पोचली की रोध वाढतो, आणि तो अधिक क्षेत्रातही वाढतो, उणे क्षेत्रातही वाढतो. मधे खोल, दोन्ही बाजूंना उंच असा सुंदर सममित आलेख येतो. आणि चुंबकरोधाचा आलेखसुद्धा सममितच असतो! एका मुलानं हा पॅराबोला तीन आठवडे चुंबकरोध म्हणून वहीत चिकटवला होता. आकडाही अगदी खपण्यासारखा होता, १.१ टक्का.

ओळखायचं कसं? वेग बदला. तोच फेरा, म्हणजे क्षेत्र अधिकपासून उणेपर्यंत नेऊन परत आणणं, एकदा पाच मिनिटांत काढा, एकदा पंचवीस मिनिटांत. इलेक्ट्रॉन आणि चुंबकन यांना तुमच्या मिनिटांशी देणंघेणं नाही, ते तत्काळ वळतात. उष्णता मात्र रेंगाळत येते. वेग बदलल्यावर आकार बदलला तर तो उष्णतेचा. त्या मुलाचा बदलला. फेरा काढताना मोठ्या प्रवाहाला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, आणि कॉइल व नमुना यांच्यात हवेची वाट ठेवा.

फेरा कसा काढायचा

आधी अधिक ४० ओर्स्टेड. तिथून खाली या: १० पर्यंत पाच-पाचनं, १० च्या आत अर्ध्या-अर्ध्या ओर्स्टेडनं. शून्यावर आल्यावर सप्लायचा नॉब पूर्ण बंद, मगच प्रवाह उलटा करायचा स्विच टाका. प्रवाह चालू असताना टाकलात तर कॉइल ठिणगी मारते आणि कधी कधी मीटरही घेऊन जाते. मग उणे ४० पर्यंत, आणि तसंच परत.

एकदा उतरायला लागलात की मध्येच मागं वळायचं नाही. ६ वर थांबायचं होतं आणि चुकून ५ वर गेलात, तर परत ६ वर आणून उपयोग नाही. चुंबकनाला तुमची चूक लक्षात राहते. पुन्हा ४० पासून सुरुवात.

हा फेरा दोनदा काढायचा: एकदा क्षेत्र पट्टीला आडवं, एकदा पट्टीच्या लांबीत. फिल्मची आवडती दिशा लांबीत असेल तर आडव्या क्षेत्रात मधे घंटेसारखा उंचवटा येतो, कारण शून्याजवळ चुंबकन पट्टीत लांबीनं पडून असतं आणि मोठ्या क्षेत्रात आडवं होतं. लांबीच्या क्षेत्रात आलेख जवळपास सपाट, फक्त शून्याच्या जरा पलीकडं, चुंबकन पालटतं तिथं, दोन बारीक खड्डे. नक्षी नेमकी उलटी आली तर घाबरू नका. आवडती दिशा पट्टीला आडवी पडली आहे. गनपाशी स्लाइड कशी ठेवली होती ती नोंद आता काढा.

पण मला ही दोन चित्रं पुरत नाहीत. मी तिसरं मागते. क्षेत्र ४० वर स्थिर ठेवा आणि नमुना फिरवा, पंधरा-पंधरा अंशांनी, ० पासून १८० पर्यंत. कंपासपेटीतला प्लॅस्टिकचा कोनमापक खाली चिकटवला की झालं. तारा लांब आणि सैल ठेवा. मग रोध उभ्या अक्षावर आणि कोनाच्या कोसाइनचा वर्ग आडव्या अक्षावर घेऊन बिंदू मांडा. सरळ रेषा आली पाहिजे. यात खुबी अशी की सगळा वेळ कॉइलमधला प्रवाह तोच आहे, त्यामुळं कॉइलची उष्णताही तीच. उष्णतेला कोन कळत नाही. जे कोनाबरोबर बदललं ते चुंबकनाचं. शेवटी परत ० अंशावर या. सुरुवातीचं वाचन आणि हे जुळलं नाही, तर मधल्या वेळात तापमान किती सरकलं ते तिथंच समोर आहे.

सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी रोधातला फरक भागिले सर्वांत कमी रोध. एक ते दोन टक्क्यांच्या आत आलं की मला दाखवायला या. अर्धा टक्का आला तर फिल्म बहुधा पातळ किंवा गंजलेली. दहा टक्के आले तर नक्की काहीतरी बिघडलंय, आणि मला तो आलेख आधी बघायचा आहे.

मग तुमचा स्वतःचा नमुना

इथून चिमटा.

लोहचुंबकीय धातू सोडून ऑक्साइडकडं आलात की बहुतेक वेळा पहिलं मोजमाप रोधाचं नसतं, चुंबकनाचं असतं, स्क्विड किंवा व्हीएसएम या नमुन्याचं बारीक चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रांवर. साधा हिशेब करा. ५ बाय ५ मिलिमीटरची, ३० नॅनोमीटर जाडीची ऑक्साइड फिल्म. तिच्यात घनसेंटिमीटरला ५ ईएमयू (चुंबकत्वाचं एकक) असं विरळ चुंबकन धरलं, तर एकूण ४ मायक्रो-ईएमयूच्या आत. आता १० मायक्रॉन बाजूचा लोखंडाचा एक घनाकार कण घ्या, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. त्याचं एकट्याचं पावणेदोन मायक्रो-ईएमयू. असे दोन-अडीच कण नमुन्याच्या कडेला चिकटले की तुमचा शोध लागला! शिवाय फिल्मखालचा आधाराचा स्फटिक, अर्धा मिलिमीटरचा सफायर, १० किलो-ओर्स्टेडला स्वतःचे उणे दीडशेहून जास्त मायक्रो-ईएमयू देतो, म्हणजे तुम्ही चाळीसपट मोठ्या आकड्यातून वजाबाकी करून हे चार शोधताय.

आमची पिढी यात पोळलेली आहे. २००१ मध्ये जपानमधून टायटॅनियम ऑक्साइडमध्ये कोबाल्ट घालून खोलीच्या तापमानाला चुंबकत्व मिळाल्याचा पेपर आला आणि जगभर सगळे ऑक्साइडमध्ये चुंबक शोधायला लागले. २००४ मध्ये डब्लिनहून मायकल कोई यांच्या गटानं हाफ्नियम ऑक्साइडमध्ये चुंबकत्व सापडल्याचं लिहिलं. त्यात तर चुंबकीय मूलद्रव्य घातलेलंच नव्हतं. दुसऱ्याच वर्षी आयबीएमच्या लोकांनी तशा फिल्म बनवून मोजल्या. स्वच्छ हाताळलेल्या फिल्ममध्ये काही नाही, स्टीलच्या चिमट्यानं हाताळलेल्यांत सिग्नल. पुण्यातून मेरीलँडला गेलेले सतीशचंद्र ओगले आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये वेगळीच मेख दाखवली. ॲनॉमलस हॉल इफेक्ट (चुंबकनामुळं प्रवाहाच्या आडव्या दिशेत येणारं व्होल्टेज) दिसला की चुंबकत्व फिल्मच्या अंगातलं, असं तोवर लोक धरून चालायचे. त्यांच्या टायटॅनियम ऑक्साइडमध्ये हॉल इफेक्टही होता आणि कोबाल्टचे बारीक गोळेही होते. म्हणजे ती परीक्षाही एकटी पुरत नाही.

माझं सांगायचं तर, २००३ मध्ये दुसऱ्या एका संस्थेत स्क्विडवर रात्रीची पाळी मिळाली आणि पहाटे लूप आला. येताना साताऱ्यात उतरून कंदी पेढे घेतले, सबंध विभागाला वाटले. परिषदेला गोषवाराही पाठवला. महिन्यानं माझ्या गाइडनी शांतपणे सांगितलं, तोच प्रवास करून आलेला कोरा सफायर मोज. कोऱ्या सफायरलाही लूप होता. शोधता शोधता कळलं, फिल्म वाढवताना सफायर धरायला चेंबरमध्ये स्टीलची क्लिप होती, आणि तिच्या दाताखालची कड. चारही बाजूंनी एकेक मिलिमीटर हिऱ्याच्या स्क्राइबरनं तोडून टाकल्यावर नमुना गप्प. आठ महिने गेले. गोषवारा मागं घेतला. पेढे काही परत घेता आले नाहीत.

तेव्हापासून माझ्या लॅबमध्ये हे असं चालतं. चिमटे प्लॅस्टिकचे किंवा सिरॅमिकचे, स्टीलचे कपाटात कुलूपबंद. प्रत्येक फिल्मबरोबर एक कोरा तुकडा जातो: तोच डबा, तेच चेंबर, तेच तापमान, तीच कापाकापी, फक्त फिल्म नाही. तोही मोजायचा. नमुन्यावर मार्करनं नाव लिहायचं नाही. मागं सिल्व्हर पेंट लावला असेल तर तो घासून काढायचा. लूप आला की कडा तोडून पुन्हा मोजायचा. क्षेत्रफळ पाव घटलं तर सिग्नलही साधारण पाव घटला पाहिजे. सगळाच गेला, तर तो कडेवर होता.

यंत्र कुठं मिळेल

स्वतःचं स्क्विड नाही म्हणून थांबू नका. विद्यापीठातल्या लोकांसाठी यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमची इंदूर, मुंबई, कोलकाता आणि कल्पक्कमला केंद्रं आहेत. आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर कुठलं यंत्र कुठं आहे ते दिसतं, आयआयटी मुंबईच्या सैफमध्येही (सामायिक उपकरण केंद्रात) बाहेरच्यांचे नमुने घेतात. अर्ज करताना "चुंबकीय गुणधर्म तपासणे" असं मोघम लिहू नका. नमुन्याचा आकार, वजन, अपेक्षित मोमेंट किती ईएमयू, कुठल्या तापमानांना, किती क्षेत्रापर्यंत, आणि कोरा तुकडा सोबत आहे, हे सगळं लिहा. यंत्रावर बसलेल्या माणसाला कळतं की समोरचा हिशेब करून आलाय, आणि तुमची वेळ वाया जात नाही.

टनेल जंक्शनकडं जाणाऱ्यांसाठी

दोन चुंबकांमध्ये नॅनोमीटरभर जाडीचा विद्युतरोधक थर घालून त्यातून इलेक्ट्रॉन पलीकडं पाठवायचे, ही कल्पना १९७५ मध्ये फ्रान्सच्या जुलिएर यांनी करून दाखवली: ४.२ केल्व्हिनला रोधात १४ टक्के फरक. खोलीच्या तापमानाला खात्रीचा दोन आकडी परिणाम मिळायला वीस वर्षं लागली. १९९५ मध्ये एमआयटीत जगदीश मूडेरा यांच्या गटाला ११.८ टक्के मिळाले, जपानमध्ये मियाझाकी आणि तेझुका यांना १८. मधली वीस वर्षं गेली ती स्वच्छ, सपाट, भोकं नसलेला ॲल्युमिनाचा थर बनवण्यात. मग २००४ मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर आला आणि आकडे दोनशेच्या घरात गेले. २००८ मध्ये तोहोकूत ६०४ टक्के.

पण याच मूडेरांनी १९९६ मध्ये एक सावधगिरीही छापली, ती प्रत्येकानं वाचावी. जंक्शनचा रोध खालच्या-वरच्या धातूच्या पट्ट्यांच्या रोधाइतका किंवा त्याहून कमी असला, तर चार तारांचं मोजमापही फसतं. प्रवाह जंक्शनमधून सारखा जात नाही, मीटर खरा रोध कमी दाखवतो आणि टक्केवारी फुगते. तेव्हा जंक्शनचा आणि पट्टीचा रोध वेगवेगळा मोजून, दोन्ही आकडे आलेखाच्या खाली लिहा. माझ्याकडं पीएचडीच्या मुलाखतीला येणाऱ्यांना मी पेपर किती ते विचारत नाही, वही मागते. वहीत खाडाखोड असली तर बरं वाटतं.

त्या विद्यार्थिनीचं पुढं काय झालं? दुसऱ्या दिवशी ती पेढ्यांचा पुडा न आणता आली, हे तिचं शहाणपण. तीन आठवडे परमॅलॉयवर बसली. पहिल्या फेऱ्यात कॉइल उलट जोडली होती, दुसऱ्यात एसी, तिसऱ्यात १.६ टक्के आणि कोसाइनच्या वर्गाशी सरळ रेषा. मग प्लॅस्टिकच्या चिमट्यानं तिनं नवी कोबाल्टवाली फिल्म कापली, कडा तोडल्या, आणि व्हीएसएमवर पुन्हा मोजली. लूप आधीच्या पाचव्या हिश्शाएवढा राहिला. पण राहिला.

तो पाचवा हिस्सा कुणाचा, ते अजून ठाऊक नाही. कोरा तुकडा काल संध्याकाळी यंत्रावर चढवलाय.